स्पायरल जेट्टी : दहा एकरांचा पट्टा, पाणी दुसऱ्याच्या हाती

फेब्रुवारी 2023 मध्ये अमेरिकेतल्या यूटा राज्याचे गव्हर्नर स्पेन्सर कॉक्स यांनी एक आदेश काढला. ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवराला आडवा छेदून रेल्वेचा दगडी भराव जातो. त्या भरावात एका ठिकाणी पूल आहे आणि पुलाखाली दगडांचा बुटका बांध घातलेला आहे. तो बांध पाच फुटांनी उंच करायचा, असा तो आदेश होता. आदल्याच नोव्हेंबरात सरोवराची पातळी समुद्रसपाटीपासून 4,188.5 फुटांवर आली होती. 1847 पासूनच्या नोंदींत इतकी खालची पातळी कधीच लागलेली नव्हती. दक्षिणेकडच्या पाण्याचा खारटपणा आणखी वाढला असता तर त्यात जगणारी आर्टेमिया ही इवलीशी कोळंबी संपली असती, आणि तिच्यावर व तिथे घोंगावणाऱ्या माश्यांवर पोसले जाणारे लाखो स्थलांतरित पक्षी उपाशी राहिले असते. म्हणून नद्यांचं गोडं पाणी दक्षिणेतच अडवून ठेवायचं, उत्तरेकडे जाऊ द्यायचं नाही, असं ठरलं.

उत्तरेकडे काय आहे? मीठ, लालसर पाणी, आणि ईशान्य किनाऱ्यावर रोझेल पॉइंट नावाच्या उजाड जागी काळ्या दगडांचं एक भलंमोठं वेटोळं. रॉबर्ट स्मिथसन या शिल्पकाराने 1970 साली बांधलेली ही ‘स्पायरल जेट्टी’, म्हणजे वेटोळा धक्का. लँड आर्टवरचं, म्हणजे थेट जमिनीवर दगडमातीतून घडवलेल्या कलेवरचं, कुठलंही पुस्तक उघडलं की हिचा फोटो असतोच.

आदेश काढताना या कलाकृतीचा विचार कुणी केला असेल असं मला वाटत नाही. करायला हवा होता, असंही माझं म्हणणं नाही. पण जमीन, दगड आणि माणसाने त्यात केलेली उलथापालथ या विषयावर काम करणाऱ्या चित्रकार-शिल्पकारांनी हे प्रकरण मुळापासून वाचावं असं आहे. स्मिथसनने डंपर लावून सरोवरात साडेसहा हजार टनांहून अधिक दगडमाती टाकली, म्हणून त्याच्यावर निसर्गात ढवळाढवळ केल्याचा आरोप आजही होतो. माझ्या मते त्या सरोवरात माणसाने दगडांनी केलेलं मोठं काम स्मिथसनचं नाहीच, ते रेल्वेचं आहे. आणि जेट्टीचा अर्थ लावायचा तर आधी तो भराव समजून घ्यावा लागतो.

आधी सरोवर

ग्रेट सॉल्ट लेक हे बॉनव्हिल नावाच्या हिमयुगातल्या अवाढव्य सरोवराचं उरलेलं डबकं. डबकं म्हणायचं ते त्या पूर्वजाच्या मानाने, एरवी आपल्याला ते समुद्रच वाटेल. बेअर, वेबर आणि जॉर्डन या तीन नद्या त्यात येऊन मिळतात आणि बाहेर एकही जात नाही. आलेलं पाणी उन्हाने उडतं, क्षार मागे राहतात. सरोवर उथळ आहे, अगदी खोल जागीही तीस-पस्तीस फुटांच्या आसपास. उताराची जमीन जवळजवळ सपाट असल्यामुळे पातळी फूटभर उतरली तरी किनारा खूप लांब मागे सरकतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेल्वेने हे सरोवर लाकडी खांबांच्या पुलावरून ओलांडलं. 1959 मध्ये त्याऐवजी दगडांचा सलग भराव आला. सुमारे 20 मैलांच्या या ओलांडणीने सरोवराचे दोन तुकडे पडले. तिन्ही नद्या दक्षिण भागात येतात, उत्तरेला एकही मोठी नदी नाही. त्यामुळे उत्तरेकडचं पाणी वर्षानुवर्षं आटत, घट्ट होत, मीठ विरघळायची मर्यादा गाठण्यापर्यंत गेलं. तिथे आर्टेमियाही जगत नाही. जगतात ते क्षारात रमणारे सूक्ष्मजीव आणि ड्युनालिएला जातीचं शेवाळ. त्यांच्या रंगद्रव्यांमुळे पाणी गुलाबीपासून गडद लालपर्यंत दिसतं.

आपल्याकडे जून 2020 मध्ये लोणार सरोवर गुलाबी झालं होतं ते आठवत असेल. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासून असेच क्षारप्रेमी सूक्ष्मजीव त्याला कारण असल्याचं सांगितलं. लोणारला तो रंग काही दिवसांत ओसरला. रोझेल पॉइंटला तो कायमचा मुक्कामाला आहे, कारण तिथे गोडं पाणी पोचूच नये अशी व्यवस्था रेल्वेच्या भरावाने करून ठेवली आहे.

आणि स्मिथसन तिथे गेला तो नेमका या रंगासाठी.

जागा आणि माणूस

स्मिथसन 1938 साली न्यू जर्सीतल्या पसेइक गावात जन्मला. खाणी, भराव, अर्धवट बांधलेले रस्ते, सांडपाण्याचे पाइप असल्या गोष्टींकडे तो प्राचीन अवशेषांकडे पाहावं तसा पाहायचा. भूगर्भशास्त्राचं औपचारिक शिक्षण त्याने घेतलं नव्हतं, पण दगड, स्फटिक, थर यांचं वेड लहानपणापासूनचं. साठच्या दशकाच्या शेवटी तो खाणीतून दगडमाती आणून धातूच्या पेट्यांत भरायचा आणि शेजारी त्या जागेचा नकाशा लावून गॅलरीत मांडायचा. मग गॅलरीच नको, थेट जागेवरच काम करू, इथवर तो आला. निसर्गसौंदर्य हा त्याचा विषय नव्हता. प्रत्येक रचना हळूहळू विस्कटत, विरत जाते हा एन्ट्रॉपीचा नियम त्याच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता.

दक्षिण अमेरिकेतल्या लाल खाऱ्या तळ्यांबद्दल त्याने वाचलं होतं. तितक्या दूर जाणं परवडणारं नव्हतं. यूटाच्या उद्यान खात्यात फोन लावला तेव्हा पलीकडून सांगण्यात आलं, की भरावाच्या उत्तरेला पाणी टोमॅटो सूपच्या रंगाचं असतं. एवढं त्याला पुरलं.

रोझेल पॉइंटला नैसर्गिकरीत्या डांबर झिरपतं. तेल काढायचे प्रयत्न तिथे 1920 च्या दशकापासून झाले आणि फसले. किनाऱ्यावर मोडके पंप, गंजलेली यंत्रं, खोपटी, चिखलात रुतलेला एक सरळ तेलधक्का, असा सगळा पसारा पडला होता. दुसरा कुणी असता तर नाक मुरडून पुढे गेला असता. स्मिथसनला तो मोडलेला उद्योगच हवा होता. राज्य सरकारने 2005 च्या सुमारास तो भंगार पसारा उचलून नेला. जागा स्वच्छ झाली हे खरं, पण जेट्टी जिच्याशी बोलत होती ती निम्मी मंडळी त्या दिवशी उठून गेली असं मला वाटतं. आता जाणाऱ्याला निर्मळ वाळवंटातलं एक गूढ चिन्ह दिसतं. बांधणाऱ्याने ते तसं दिसावं म्हणून बांधलेलं नव्हतं.

जागा सरकारी होती. दहा एकर, वीस वर्षांचा पट्टा, भाडं वर्षाला 100 डॉलर. पैसे प्रामुख्याने न्यूयॉर्कच्या गॅलरीचालक व्हर्जिनिया ड्वान यांनी दिले.

बांधकाम

एप्रिल 1970. ऑग्डेन गावचे बॉब फिलिप्स हे कंत्राटी कामावरचे गृहस्थ या कामावर होते. दोन डंपर, एक ट्रॅक्टर, एक लोडर आणि थोडी माणसं. सरोवरात भराव घालायचं काम फिलिप्सना नवं नव्हतं, पण आजवर ते कशासाठी तरी घालत आले होते. हा न्यूयॉर्कचा माणूस कंबरेपर्यंतचे रबरी बूट चढवून पाण्यात उतरला, हातात खुंट्या आणि दोरी. मध्ये एक खुंटी ठोकायची, दोरी ताणायची, वळणाची रेघ धरत पुढच्या खुंट्या ठोकत जायचं. धक्का कुठेच पोचणार नव्हता, स्वतःभोवतीच फिरून संपणार होता.

खरी अडचण तळाची होती. वर मिठाचा कडक पापुद्रा, त्याखाली काळा, चिकट चिखल. भरलेला डंपर त्यात गेला तर बाहेर कोण काढणार? म्हणून रीत अशी ठरली: बेसॉल्टचे मोठे दगड दोन्ही कडांना लावायचे, मधल्या पोकळीत माती आणि बारीक दगड भरायचे, डंपरने तयार झालेल्या वाटेवरूनच उलटं मागे येत पुढचा माल ओतायचा. म्हणजे यंत्र स्वतःच घातलेल्या रस्त्यावर उभं राहून पुढचा रस्ता घालत होतं, आणि ती वाट जेमतेम पंधरा फूट रुंद. रस्त्याचा भराव पाहिलेल्या कुणालाही ही पद्धत ओळखीची वाटेल. फरक इतकाच की इथे कुठला दगड कुठे बसावा यावर स्मिथसन अडून बसायचा. एखादा धोंडा मनासारखा दिसला नाही तर तो हलवून घ्यायचा. यंत्र चालवणाऱ्यांना सुरुवातीला याचं हसू आलं असणार. पुढे मात्र फिलिप्स यांनीच या कामाबद्दल आयुष्यभर अभिमानाने सांगितलं.

काम संपलं, पैसे चुकते झाले, यंत्रं परत गेली. काही दिवसांनी स्मिथसनचा पुन्हा निरोप आला, की आकार बरोबर झालेला नाही. पहिला आकार गळाच्या आकड्यासारखा होता, साधं वळण आणि त्याच्या टोकाशी दगडांचा ढीग. आता त्याला पूर्ण वेटोळं हवं होतं. माणसं परत आली, टाकलेले दगड पुन्हा उचलले, आणि आज आपण पाहतो तो डावीकडे वळत आत जाणारा, 1,500 फूट लांबीचा आकार तयार झाला.

कागदावर आधी काढलेलं चित्र जमिनीवर उतरवणं, एवढ्यापुरतं हे काम नव्हतं याचा पुरावा मला या दुरुस्तीत दिसतो. भराव पाण्यात उभा राहिल्यावर, त्यावर चालून पाहिल्यावरच त्याला कळलं की आकडा पुरेसा नाही. आकड्याच्या टोकाशी पोचलात की सरोवर समोर पसरलेलं असतं. वेटोळ्याच्या टोकाशी पोचलात की सगळीकडून दगडांनीच घेरलेले असता, आणि परतायला आलेलीच वाट.

वेटोळं का, याची स्मिथसनने दोन-तीन कारणं दिली आहेत. सरोवराच्या तळाशी पॅसिफिक महासागराला जोडणारं भुयार आहे आणि तिथे भोवरा फिरतो, अशी तिथल्या जुन्या वसाहतकऱ्यांत दंतकथा होती. दुसरं कारण मला जास्त भावतं. मिठाचा स्फटिक वाढताना त्याच्या जाळीत दोष असेल तर थर गोल जिन्यासारखे चढत जातात. दगडांवर मिठाचे कण बसतील तेव्हा प्रत्येक कणात या धक्क्याचीच इवली आवृत्ती असेल, हे त्याला ठाऊक होतं. एक लहानसा स्फटिक आणि दीड हजार फुटांचा भराव, दोन्ही एकाच आकृतीत.

योगायोग पाहा: पहिला वसुंधरा दिन याच महिन्यातला, 22 एप्रिल 1970 चा. देशभर लोक पृथ्वी वाचवा म्हणून रस्त्यावर उतरत होते आणि इथे एक शिल्पकार डंपरने सरोवरात दगड ओतत होता.

बुडाल्यावर

1970 मध्ये सरोवराची पातळी साधारण 4,195 फूट होती. 1972 पर्यंत ती चढली आणि धक्का पाण्याखाली गेला. 20 जुलै 1973 रोजी टेक्सासमध्ये पुढच्या कामाची जागा वरून पाहत असताना स्मिथसनचं छोटं विमान कोसळलं. वय 35. ऐंशीच्या दशकात सरोवर इतकं फुगलं की 1986-87 ला पातळी 4,211.85 फुटांवर गेली, महामार्ग आणि रेल्वे धोक्यात आले, आणि राज्याने सुमारे सहा कोटी डॉलर खर्चून पाणी पश्चिमेच्या वाळवंटात फेकणारे पंप बसवले.

या तीसेक वर्षांत जेट्टी जगली ती फोटोंमध्ये आणि स्मिथसनने स्वतः केलेल्या 32 मिनिटांच्या माहितीपटात. जियानफ्रँको गोर्गोनीने काढलेली छायाचित्रं जगभर छापली गेली. चित्रकलेच्या दोन पिढ्यांनी जी कलाकृती अभ्यासली ती प्रत्यक्षात कुणाला दिसतच नव्हती.

वर आल्यावर

2002 मध्ये दुष्काळाने पाणी उतरलं आणि धक्का पुन्हा दिसू लागला. काळा बेसॉल्ट आता मिठाने पांढराशुभ्र झाला होता, भोवती गुलाबी पाणी. लोक खडबडीत रस्त्याने गाड्या घालत तिथे पोचू लागले. वाटेत गोल्डन स्पाइक हे स्थळ लागतं. अमेरिकेच्या पूर्व आणि पश्चिमेकडून आलेले रेल्वेमार्ग 10 मे 1869 रोजी तिथे जोडले गेले.

कलाकृतीची मालकी 1999 पासून न्यूयॉर्कच्या डिया आर्ट फाउंडेशनकडे आहे, स्मिथसनच्या वारसांनी ती भेट दिली. आणि इथून मालकांची डोकेदुखी सुरू होते. तैलचित्र मिळालं तर संग्रहालय तापमान राखतं, काच लावतं. इथे नेमकं काय राखायचं? पाण्याखाली गेली तर वर काढायची? दगड खचले तर भरायचे? गाळ साचला तर उपसायचा? वर आणखी दगड रचून धक्का उंच करावा, हा विचार पाणी चढू लागलं तेव्हा स्मिथसनच्याही मनात आला होता. 2000 नंतर तो डियामध्येही बोलला गेला. ज्याचा सगळा भर गोष्टी विरत जाण्यावर, त्याच्या कामाची डागडुजी करायची का, यावर बरीच शाई खर्च झाली. शेवटी डियाने शहाणपणाचा मार्ग धरला: आधी नीट नोंद तरी ठेवू. गेटी कॉन्झर्व्हेशन इन्स्टिट्यूटच्या मदतीने हेलियमच्या फुग्याला साधा डिजिटल कॅमेरा बांधून वरून छायाचित्रं घेण्यात आली. विमान नको, हेलिकॉप्टर नको. वर्षांमागून वर्षं त्याच जागेवरून काढलेल्या अशा फोटोंमधून कुठला दगड सरकला, मीठ किती चढलं, पाणी किती मागे गेलं हे ताडून पाहता येतं. जागेवर काम करणाऱ्या आपल्याकडच्या कुणालाही हे उद्या करता येण्यासारखं आहे.

जानेवारी 2008 च्या अखेरीस वेगळंच संकट आलं. एका कॅनेडियन कंपनीने जेट्टीपासून सुमारे पाच मैलांवर सरोवरातच तेलाच्या शोधविहिरी खोदायची परवानगी मागितली होती. स्मिथसनची पत्नी नॅन्सी होल्ट हिने ओळखीच्यांना ईमेल पाठवले, ते पुढे पसरले, आणि राज्याच्या कार्यालयात तीन हजारांहून अधिक हरकती येऊन पडल्या. नॅन्सी स्वतः मोठी शिल्पकार. सरोवराच्या पश्चिमेकडच्या वाळवंटात तिने ‘सन टनेल्स’ हे काम 1976 मध्ये पूर्ण केलं होतं. विहिरींचा तो बेत बारगळला.

गंमत अशी, की रोझेल पॉइंटचं तेल आणि त्याचा फसलेला धंदा हे स्मिथसनने ती जागा निवडण्यामागचं एक आकर्षण होतं. तेलविहीर दिसली म्हणून तो नाराज झाला असता की खूश, हे सांगणं अवघड आहे. हरकत घेणाऱ्यांना मात्र जेट्टी ही अस्पर्श निसर्गाची मूर्ती वाटत होती. मला तो लढा योग्य वाटतो, पण त्याचं समर्थन स्मिथसनच्या नावावर खपवू नये.

2011 मध्ये आणखी एक गोंधळ: सरकारी जागेचा पट्टा संपल्याचं राज्याने सांगितलं, डियाचं म्हणणं वेगळं. पुढे नवा करार झाला आणि 2012 पासून डियासोबत यूटा म्यूझियम ऑफ फाइन आर्ट्स आणि वेस्टमिन्स्टर कॉलेजची ग्रेट सॉल्ट लेक इन्स्टिट्यूट अशा दोन स्थानिक संस्था देखरेखीला आल्या. मला वाटतं या सगळ्या प्रकरणातला सर्वांत कामाचा निर्णय हाच. न्यूयॉर्कहून सरोवरावर लक्ष ठेवता येत नाही. 2017 मध्ये राज्याने जेट्टीला अधिकृत ‘राज्य कलाकृती’चा दर्जाही दिला.

म्हणजे दगड सुरक्षित झाले. पट्टा, मालक, देखरेख, मानसन्मान, सगळं जागच्या जागी. याच काळात पाणी निघून गेलं.

अकरा फूट

2017 मध्येच एका शोधनिबंधात शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: शेती, शहरं आणि उद्योग नद्यांमधून जे पाणी उचलतात ते उचललं नसतं तर सरोवर सुमारे 11 फूट उंच असतं. माणसाच्या वापराने पाण्याचा साठा 48 टक्क्यांनी घटला आहे. यात सर्वांत मोठा वाटा सिंचनाचा, आणि सिंचनातही गुरांच्या चाऱ्याचा, म्हणजे लसूणघासाचा. उघड्या पडलेल्या तळाच्या धुळीत आर्सेनिक आहे आणि वारा सुटला की ती सॉल्ट लेक सिटीच्या दिशेने जाते.

आता हे 11 फूट जेट्टीला लावून पाहा. 2022 च्या नीचांकात ते मिळवले तरी पातळी 4,199 च्या पुढे जाते आणि धक्का पाण्याखाली जातो. मागे जाऊन 1970 पाहा. नद्यांवरचे कालवे आणि धरणं तेव्हाही होतीच. तो उपसा नसता तर स्मिथसनने खुंट्या ठोकल्या त्या जागी डोक्याएवढं पाणी असण्याची शक्यता मोठी. त्याला मिळालेला उथळ किनारा चारा पिकवणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि वाढत्या शहरांनी नकळत तयार करून ठेवला होता. पाण्याचा लाल रंग रेल्वेने दिला. त्याने आपल्याकडून घातले ते फक्त दगड.

म्हणून स्मिथसनवरचा ‘बुलडोझर कलावंत’ हा आरोप मला अपुरा वाटतो. तो साधुसंत नव्हता. कॅनडाच्या किनाऱ्याजवळच्या एका खडकाळ बेटावर टनावारी फुटक्या काचा ओतायचा त्याचा बेत 1970 च्या सुरुवातीला पर्यावरणवाद्यांच्या विरोधामुळेच रद्द झाला होता, आणि तो रद्द झाला हे बरंच झालं. मात्र उद्योगाने जमीन खोदून ठेवली आहे, आता तिथून पुढे काय, हा प्रश्न तो त्या काळात फार थोड्यांसारखा गंभीरपणे विचारत होता. 1971 मध्ये नेदरलँड्समधल्या एमेन इथे त्याने वाळूच्या खाणीतच काम केलं, ते आजही आहे. पुढे त्याने खाण कंपन्यांना पत्रांवर पत्रं पाठवली: तुमच्या संपलेल्या खाणी, टाकाऊ मातीचे डोंगर मला द्या, मी तिथे काम करतो. याच सरोवराच्या दक्षिणेला असलेल्या बिंगहॅमच्या अवाढव्य तांब्याच्या खाणीसाठी 1973 मध्ये त्याने आराखडा केला. कंपनीने तो उचलला नाही, आणि त्याच वर्षी तो गेला.

एका बाबतीत मात्र त्याची नजर चुकली असं मला वाटतं. एन्ट्रॉपी म्हटलं की सगळं आपोआप, कुणाच्याही हुकमाशिवाय विरत जातं असा सूर लागतो. या सरोवराचं तसं नाही. त्याच्या आटण्याला पाणीहक्कांचे करार आहेत, कालव्यांचे वेळापत्रक आहे, भरावाची देखभाल करणारी रेल्वे कंपनी आहे, गव्हर्नरची सही आहे. आटण्यामागे माणसं आहेत, कागद आहेत.

हे आपल्याला सोलापूर-इंदापूरकडच्या कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. उजनीच्या फुगवट्यात पळसदेवचं जुनं देऊळ बुडालेलं आहे. पाणी फार उतरलं की ते वर येतं, लोक गाड्या काढून बघायला जातात, शिखराचे फोटो काढतात. पण फोटो काढतानाच कुणीतरी म्हणतंच, की देऊळ दिसलं म्हणजे यंदा अवघड आहे. आणि पाठोपाठ पाणी कुठे सोडलं, कुणाच्या उसाला गेलं, यावर वाद रंगतो. जेट्टीच्या वाट्याला ही दुसरी ओळ फार उशिरा आली. 2002 नंतर बरीच वर्षं तिच्या दर्शनाचं कौतुकच चाललं होतं. उघडी पडलेली कलाकृती म्हणजे परत मिळालेली कलाकृती, असा जणू उत्सव. ती दिसते आहे म्हणजे सरोवर आजारी आहे, हे कलाविश्वाच्या तोंडी यायला आणखी दशकभर लागलं.

बांधानंतर

आदेश निघाला त्याच हिवाळ्यात यूटात विक्रमी बर्फ पडलं. 2023 च्या उन्हाळ्यापर्यंत दक्षिण भाग साडेपाच फुटांच्या आसपास चढला. बांधाचा उपयोग झाला, खारटपणा उतरला, आर्टेमिया वाचली. जास्तीचं पाणी उत्तरेकडेही गेलं, पण जेट्टीभोवती सरोवर परत आलं नाही. लाल पाण्याची कड वेटोळ्याच्या पलीकडे, मिठाच्या पांढऱ्या मैदानाच्या टोकाला राहिली.

आजचा पाहुणा बहुधा दगडांवरून चालतच नाही. कडांचे धोंडे आणि मधल्या खड्ड्यांत तोल सावरत जाण्यापेक्षा शेजारच्या मिठावरून सरळ मधोमध पोचणं सोपं पडतं, आणि वेटोळ्याची वाट चालायला लावणारं पाणीच आता शिल्लक नाही. काही जण तिथले सुटे दगड उचलून आपापली छोटी वेटोळी मांडतात, नावं लिहितात. देखरेख करणाऱ्यांना मग तसं न करण्याची विनंती करत राहावं लागतं.

डियाच्या हातात पट्ट्याचे एकर आहेत. बेअर नदीतून किती पाणी उतरेल, ते पुलाखालून उत्तरेला किती सोडलं जाईल, यातलं काहीच तिच्या हातात नाही. राज्याने 2022 मध्ये कायदा बदलून शेतकऱ्यांना आपला पाणीहक्क सरोवरासाठी भाड्याने देण्याची सोय केली. असं पाणी वाचलं तरी आधी ते दक्षिणेला जाणार आणि जायलाच हवं, तिथे जीव आहेत. वीस वर्षांपूर्वी संवर्धनवाले वाद घालत होते, की सरोवर पुन्हा चढलं तर जेट्टीवर दगड रचून तिची उंची वाढवायची की तिला बुडू द्यायचं. तो वाद आता कुणी काढत नाही.